पतीचे नाव

निशा मॅडमचा फोन आला तेव्हा माझ्या एका गालाला फेस होता आणि दुसरा गाल गुळगुळीत झाला होता. सकाळी आठला नेत्रशिबिरं भरवणाऱ्या त्यांच्या ट्रस्टमधून फोन म्हणजे काहीतरी अडलंय हे ठरलेलं. एरवी त्यांना मी कशाला आठवतोय! "सर, एक विचारायचं होतं. आपल्या यादीत तीनशे सोळानंतर एकदम तीनशे अठरा येतंय. मधला तीनशे सतरा कुठे गेला?" मी रेझर नळाखाली धरून म्हटलं, "सुटतात मॅडम असे नंबर. कुणी अर्धा फॉर्म भरून सोडला की तो नंबर वाया जातो, परत कुणाला देत नाही आपण." हे खोटं नव्हतं. वेबसाइटी बनवायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की झोपेतसुद्धा म्हणेन. मग समोर कुणी बसलेलं असताना माणूस जसा आवाज उतरवतो तशा मॅडम म्हणाल्या, "पण सर, तीनशे सतराची चिठ्ठी हातात घेऊन एक आजी माझ्यासमोर बसल्यात. चिठ्ठीवरचं अक्षर तुमचं आहे."

नाव विचारलं तर रंगूबाई गायकर, अकलोलीच्या बाजूच्या. डॉक्टरांनी तपासलं का, तर हो, आत्ताच. उजवा डोळा आधीचाच गेलेला, तरुणपणी झोडणीच्या वेळी भाताचं कुसळ घुसून. डाव्यात मोतीबिंदू होता तो पिकून फुगला, दाब वाढला, मागची शीर सुकली. आता ऑपरेशन करून उपयोग नाही. "दोन-तीन महिने आधी आल्या असत्या तर झालं असतं म्हणतात डॉक्टर," निशा मॅडम म्हणाल्या, "पण त्या म्हणतात, मला इथूनच सांगितलं होतं, फोन येईल, तोवर येऊ नको." मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. उरलेली अर्धी दाढी मी नीट, सावकाश केली. हे मुद्दाम सांगतोय. कारण त्या चार-पाच मिनिटांत माझ्या मनात त्या म्हातारीचा डोळा एकदाही आला नाही. मी विचार करत होतो की हे माझ्याकडून झालेलं नसेल हे कसं दाखवता येईल. निशा मॅडमच्या हाताखालच्या मुलींनी चुकून खोडलं असेल, सर्व्हर बदलला तेव्हा गेलं असेल. तोंड धुताना आरशात बघितलं आणि स्वतःचाच असा काही राग आला, की टॉवेल तोंडावर तसाच दाबून उभा राहिलो. रुचिका, माझी बायको, बाहेरून ओरडली, "मितेश, झालं का रे तुझं? डबा भरलाय." तिला माझं नाव असं सहज घेता येतं. दिवसातून पन्नास वेळा घेते, त्यातलं निम्मं ओरडायला.

मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं म्हणायला फार आवडलं असतं, पण आठवत होतं. नोव्हेंबरचा शेवट, भातं कापून झाली होती, अंबाडी नाक्याजवळच्या शाळेच्या व्हरांड्यात ट्रस्टचं नेत्रशिबिर. मी काल्हेरच्या एका गोदामवाल्या कंपनीत कुठला खोका कुठल्या रॅकवर ठेवलाय याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आठवडाभर खोके, म्हणून रविवारी जरा माणसं बघावीत या हौसेने ट्रस्टला ही नोंदणीची वेबसाइट फुकट बनवून दिली होती. फुकट या शब्दाचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी गर्दी झाली, मुली कमी पडल्या, म्हणून मीच लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसलो. रंगूबाई रांगेतून पुढे आली ती शेजारणीच्या खांद्याला धरून. ही शेजारीण सोमी, पलीकडच्या पाड्यावरची, चाळिशीची, तोंडाने फटकळ बाई. नाव झालं, वय झालं, वय म्हणजे सोमीने तिच्याकडे बघून ठरवलं. फोन नव्हताच, सोमीचा नंबर लावला. आधारकार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. मग मी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?"

तिने पदर कपाळावर ओढला आणि शाळेच्या घंटेकडे बघायला लागली. "हाय की नाव." "हो, पण काय?" "ते मी कशी सांगू?" सोमी हसून म्हणाली, "ती न्हाय घ्याची, दादा. लगनाला पन्नास वरसं झाली, कोणी आयकलं न्हाय तिच्या तोंडून." मी म्हटलं, मग उखाण्यात घ्या की आजी, त्यात काय एवढं! त्यावर ती माझ्याकडे वळली, त्या एका गढूळ डोळ्याने माझा चेहरा नीट शोधून काढला आणि म्हणाली, "उखाना काय असा कागदावर घेत्यात? त्याला हळद लागते, मांडव लागतो. तू वळख. येसोदेनं किसनाला उखळाला बांदला, तवा जे नाव पडलं, ते." मी म्हटलं, किसन? न्हाय. गोपाळ? न्हाय रं. मागची रांग पुढे झुकून ऐकायला लागली. मी म्हटलं, माखनचोर? आणि अख्खा व्हरांडा हसला, तीसुद्धा तोंडावर हात ठेवून खुदखुदू हसली, दात पडलेल्या पोरीसारखी. इंजिनिअर झालो पण तेवढं ओळखता आलं नाही. पुढे कधीतरी बसमध्ये बसलेला असताना एकदम सुचलं: दाम म्हणजे दावं, पोटाला दावं बांधलेला तो दामोदर. म्हणजे दामू. तेव्हा मी एकटाच हसलो होतो आणि शेजारचा माणूस सरकून बसला होता.

सोमी तिथेच उभी होती. तिला नुसतं विचारायचं होतं, "तू सांग गं." ती सांगणार होती, तिच्या जिभेवरच होतं. पण मला ते सगळं इतकं गोड वाटलं की मला ते मोडावंसंच वाटेना. पन्नास वर्षांचा नेम, आणि मी तो एका चौकोनासाठी मोडू? तर चौकोन रिकामा ठेवून बटण दाबलं, आणि यंत्राने लाल अक्षरात बजावलं की पतीचे नाव भरणे आवश्यक आहे. तो नियम माझाच. मी तिथल्या तिथे, रांग थांबवून, प्रोग्राम उघडला आणि 'आवश्यक' हा एक शब्द काढून टाकला. मग यंत्राने रिकामा रकाना मुकाट्याने गिळला. मी चिठ्ठीवर तीनशे सतरा लिहिलं, स्वतःच्या हाताने, आणि म्हणालो, "आजी, आता उगाच हेलपाटे घालू नका. ऑपरेशनची पाळी आली की सोमीताईंच्या फोनवर फोन येईल. तोवर घरीच थांबा." ती म्हणाली, "लवकर येईल ना रं? लेक पैलटकरीण हाय माझी, फागनात बाळंत व्हईल. नातवंडाचं तोंड तेवढं बगाचंय. मंग गेला डोळा तरी जाऊ दे." मी म्हटलं, "बघाल आजी, अगदी डोळे भरून बघाल." काय पण एकेक वाक्यं सुचतात माणसाला.

मधल्या काळात ती रोज सोमीकडे जात असणार. संध्याकाळी सोमी कामावरून आली की ही दारात, "आला काय गं?" आणि सोमी, "न्हाय आला." हे मी मनाने रचलं होतं, पुढे सोमीने सांगितलं ते यापेक्षा वाईट होतं. म्हातारी दिवसभर सोमीच्या ओट्यावरच बसून राहायची, सोमी फोन घेऊन कामाला गेलेली असली तरी. जणू फोन सोमीच्या ओट्यावर यायचा होता.

डबा घेऊन ऑफिसला गेलो. आमच्या ऑफिसला खिडकी आहे आणि खिडकीतून दिसतात ट्रक. दिवसभर मागे येणाऱ्या ट्रकची ती टूंटूं ऐकू येते. मी लॅपटॉप उघडून जुन्या फायली चाळल्या. फार शोधावं लागलं नाही, मी व्यवस्थित माणूस आहे, केलेलं काम जपून ठेवतो. फाइलचं नाव होतं 'साफसफाई'. आत एकच ओळ. तारीख डिसेंबरची एकोणतीस. तिचा अर्थ साध्या मराठीत असा की, रुग्णांच्या यादीतून ज्यांच्या पतीच्या नावाचा रकाना नल आहे त्या सगळ्या नोंदी काढून टाक. म्हणजे बायकांच्याच. पुरुषांची यादी वेगळी, तिच्यात तो रकानाच नव्हता, पुरुषाला कोण विचारतंय बायकोचं नाव! खाली यंत्राचं उत्तर मीच चिकटवून ठेवलेलं: त्रेचाळीस नोंदी काढल्या.

नल. हा शब्द मी दिवसातून शंभरदा टाइप करतो. माझ्या आईने एकदा विचारलं होतं, तुझं ते डेटाबेस म्हणजे असतं तरी काय रे? मी सांगितलं होतं, वह्या असतात, दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या. एका वहीत माणसाचं पान, दुसरीत त्याच्या तपासण्या, तिसरीत त्याची ऑपरेशनची पाळी. माणसाचं पान फाडलं की त्या दोऱ्याने बांधलेली बाकी वह्यांतली पानंही आपोआप फाटावीत, असा एक नियम घालून ठेवता येतो, त्याला कॅस्केड म्हणतात. नाहीतर ती पानं तशीच राहतात, मालक नसलेली. आम्ही त्यांना अनाथ नोंदी म्हणतो आणि आम्हाला त्यांची फार चीड येते. मी तो नियम घातला होता. नव्याने शिकलेल्या पोरांना मी तावातावाने सांगायचो, घालत जा रे, घर स्वच्छ राहतं. आणि कोऱ्या रकान्याला म्हणतात नल. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हटलं की निदान कुणीतरी मोजलेलं असतं. नल म्हणजे इथे काहीतरी आहे, पण ते आपल्याला ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मीच शिकवतो. आणि मीच त्या दिवशी ते असं वाचलं, की इथे काहीच नाही.

का वाचलं, तेही ऐका. ट्रस्टचा वर्षाचा छापील अहवाल निघाला होता, तो माझ्याच वेबसाइटमधून. देणगी देणारे एक वयस्कर शेठ चष्मा कपाळावर चढवून पानं उलटत होते. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "क्यों भाई, ये नल कौन है? इतनी सारी औरतों का आदमी एक ही?" सगळे हसले. निशा मॅडमही हसल्या. मीसुद्धा हसलो, पण कान तापले. रिकाम्या रकान्यात यंत्राने इमानदारीने 'नल' छापलं होतं. एवढंच करायचं होतं की तिथे एक रेघ छापायची, पाच मिनिटांचं काम. पण माझ्या डोक्यात बसलं की रिकामे रकाने म्हणजे ट्रस्टमधल्या मुलींनी शिकताना भरलेल्या खोट्या नोंदी. होत्याच तशा पुष्कळ, 'एबीसी', 'टेस्ट', 'सोनू सोनू'. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, उजव्या हाताला आमटी लागलेली म्हणून डाव्या हाताने, मी ती ओळ टाइप केली. आधी नावं बघायची असतात. आधी यादी काढायची, वाचायची, मग खोडायची. अरे गाढवा, त्रेचाळीसच तर नावं होती, एका घासाला दोन वाचली असतीस तरी जेवण संपेपर्यंत झाली असती. मी फक्त आकडा बघितला, आणि त्रेचाळीस हा आकडा मला बरा वाटला, फार नाही, थोडा नाही. त्यांच्याबरोबर तपासण्या किती गेल्या, पाळ्या किती गेल्या, हे यंत्र सांगतही नाही. आधीच्या यादीची राखीव प्रत फक्त सात दिवस राहते. सातव्या दिवसानंतर रंगूबाई गायकर कुठेच नव्हती. आणि तेव्हा तिला अजून दिसत होतं.

दुपारी निशा मॅडमना फोन करून सांगितलं. धीर करून, सगळं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जानेवारीत ज्या बायका भांडायला आल्या होत्या, आमची नोंद झालीय म्हणून, त्या खरं बोलत होत्या?" मी म्हटलं, हो. "आम्ही त्यांना नवीन म्हणून घेतलं परत. सतरा की काय होत्या. सगळ्यांचं झालं, सर. नीट झालं." म्हणजे ज्या भांडल्या त्यांचं झालं. जिने ऐकलं तिचं राहिलं. सोमीनेही म्हणे एकदा फोन केला होता, कुणीतरी यादीत बघून सांगितलं, नाव नाही, नंतर करा. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," निशा मॅडम म्हणाल्या, "आता कुठे बोलू नका. आजींना म्हटलंय, डोळाच वाईट होता, नशीब." दयाळू बाई. मला त्या दयेचा असा काही उबग आला, की मी नीट निरोपही घेतला नाही.

रुचिकाला रात्री जेवताना सांगितलं. तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग आता?" मी म्हटलं, जाणार, तिला सांगणार. "काय सांगणार? नल? कॅस्केड?" "चूक झाली म्हणून सांगणार." "जाऊ नकोस, मितेश." "का?" "का ते मला सांगता येत नाही. पण जाऊ नकोस." मी चिडलो. तिला म्हणालो की तुम्हा लोकांना सगळं झाकायचंच सुचतं. तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं. चार दिवस मी ऑफिसात खोके मोजले आणि मनात वाक्यं जुळवली. आजी, माझ्यामुळे झालं. आजी, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. एकेक वाक्य पुसून पुन्हा लिहिलं. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मला हळूहळू बरं वाटायला लागलं होतं. आपण जाणार आहोत, सांगणार आहोत, एवढा मोठा गुन्हा तोंडाने कबूल करणारा माणूस आपण आहोत, या विचाराने मला चक्क भूक लागायला लागली होती.

रविवारी बाइक काढली. अंबाडी नाक्यावर एक डझन केळी घेतली. गुन्हेगाराने काय न्यायचं असतं ते कुणी शिकवलेलं नाही. गाव विचारत विचारत घर सापडलं. कौलारू, पुढे सारवलेला ओटा, कुडाला टेकवून ठेवलेली टोपली. ओट्यावर एक काटकुळा म्हातारा गुडघ्याला हात चोळत बसलेला. मी नाव विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी दामू गायकर. कोन पायजे?" असं धडधडीत, एका दमात. मी केळी हातात धरून तसाच उभा राहिलो.

रंगूबाई आत झोळीशी बसली होती. एका हाताने दोरी ओढत होती. तिची लेक माधवी, चोविसेक वर्षांची, बाळंतपणाला माहेरी आलेली, मला बघून पदर सावरत उठली. मी म्हटलं, ट्रस्टमधून आलोय. म्हातारीने आवाजाकडे मान वळवली. डोळा उघडाच होता, नुसता पांढरट आणि शांत. "अंबाडीला लिवत व्हता तो काय रं तू?" आवाजावरून! मी हो म्हटलं. ती हसली. "माखनचोर!" म्हणाली, आणि माधवीला सगळी कहाणी नव्याने सांगितली, कसं सगळे हसले, कसं मला ओळखता आलं नाही. मग म्हणाली, "बरा आलास. तू परका हायेस, तू खरं सांगशील. घरची समदी गोड बोलतात. बग बरं झोळीत. कसा हाय? काळा हाय का?" मी वाकून बघितलं. दीड महिन्याचा मुलगा, मुठी आवळून झोपलेला. मी म्हटलं, "सावळा आहे, आजी. कपाळ मोठं आहे. नाक," आणि पुढे मला काही येईना. आयुष्यभर मी गोष्टींची वर्णनं रकान्यात भरत आलो. एका पोराचं नाक मला सांगता येईना. "नाक कसं रं?" "छान आहे." "छान म्हंजे?" मी तिथेच जमिनीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली.

चार दिवस जुळवलेलं एक वाक्यही वापरलं नाही. नुसतं भडाभडा बोललो. की तुमचं नाव यादीत होतं, ऑपरेशनची पाळीसुद्धा लागली होती, जानेवारीची. ती मी खोडली. बघितलं नाही, खोडलं. म्हणून फोन आला नाही. दामू ओट्यावरून उठून दारात येऊन उभा राहिला. माधवीचा हात तोंडावर गेला. म्हातारी दोरी ओढत राहिली. मग म्हणाली, "माजंच कसं खोडलं? सोमीच्या जावेचं तर झालं." मी सांगायला नको होतं. पण मी खरं बोलायला आलो होतो ना, खऱ्याची मला नशा चढली होती. म्हणालो, "तुमच्या नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता, आजी. ज्यांचा कोरा होता त्यांची नोंद खोटी समजून मी काढून टाकली."

दोरी थांबली.

"म्हंजे मी नाव घेतलं असतं, तर?"

"तसं नाही आजी, चूक माझी आहे, तुमची काहीच..."

"इचारलं ते सांग. घेतलं असतं, तर रायला असता डोळा?"

मी दामूकडे बघितलं, माधवीकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. "हो," मी म्हटलं.

दामू दारात मटकन खाली बसला. "घ्याचं व्हतं ना, येडे," तो म्हणाला. "येवढं काय हाय माज्या नावात? कुत्र्यालाबी ठेवतात लोकं." त्याचा आवाज फाटला. "पन्नास वरसात मी कदी सांगितलं तुला का घेऊ नको म्हून?" ती त्याच्यावर खेकसली, "तुमी गप बसा, तुमाला काय कळतंय." झोळीत हात घालून तिने पोराचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी, सावकाश, जशी भाकरी भाजलीय का ते बघतात. "मंग माजंच चुकलं," ती म्हणाली.

मी ओरडलोच. नाही, नाही आजी, तुमचं नाही. मी तो शब्द काढला होता, मी सोमीला विचारलं नाही, मी नावं वाचली नाहीत, मी नियम घातला होता. दोऱ्याच्या वह्या सांगितल्या, नल सांगितलं, सात दिवसांची प्रत सांगितली, तिच्यासमोर हात जोडले. हात जोडलेले तिला दिसत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा तिचे पाय धरले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू नको रडू, पोरा. तुजी काय चूक? तुला कागदावर जे दिसलं ते तू केलंस. कागदाला तरी काय ठावं. माझी जीभ न्हाय उचलली तवा. सोमी उभी व्हती, तिला सांग म्हनले असते तरी झालं असतं. मीच शानपना केला, वळख म्हनले." ती समजूत घालत होती आणि मी घालून घेत होतो. मला तिथून उठता येईना. शेवटी माधवीने मला पाणी दिलं, आणि पाणी संपल्यावर माणसाला उठावंच लागतं.

माधवी बाइकपर्यंत आली. केळ्यांची पिशवी तिच्या हातात तशीच होती, ती तिने हँडलला परत अडकवली. मी म्हटलं, "तुम्ही तरी समजावा त्यांना." ती रागावलेली वाटली नाही, नुसती दमलेली.

"कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "इतके दिस देवाला शिव्या घालत होती. सकाळ-संध्याकाळ, अगदी मनसोक्त. दोन घास जेवत तरी होती. आता सोताला घालंल."